गोचीड अंगाला चिकटली तर: पोट नाही, तोंड धरायचं

आंघोळ करताना कमरेपाशी, नाड्याच्या किंवा इलॅस्टिकच्या रेघेत, तिळाएवढं काहीतरी बोटाला लागतं. दुखत नाही, खाजही फारशी नाही. नखाने खरवडलं तर निघत नाही. खपली असेल, मस असेल, काट्याचं टोक असेल असं वाटतं. इथे नख थांबवायचं आणि आधी बघायचं. मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन, टॉर्च लावून फोटो काढा आणि तो मोठा करा. कातडीच्या बाजूला बारीक पाय दिसले तर ती गोचीड. नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू असेल तर सहा पाय, त्यापुढच्या वयाची असेल तर आठ. पाय नसतील तर ती बहुधा खपली किंवा चामखीळ, आणि चामखीळ चिमट्याने उपटायची नसते. हा गोंधळ म्हाताऱ्या माणसांच्या पाठीवर नेहमी होतो.

आकारावरून फसू नका. पिल्लू टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान असतं, त्यापुढची अवस्था तिळाएवढी. उपाशी असलेली पूर्ण वाढलेली गोचीड साधारण तीन ते पाच मिलिमीटर आणि चपटी. तीच रक्त पिऊन फुगली की राखाडी, गुळगुळीत, एरंडाच्या बीसारखी दिसते. (लॅटिनमध्ये गोचीड आणि एरंड दोघांना ‘रिसिनस’ हा एकच शब्द आहे, तो या साम्यावरूनच.) गुरांच्या कानात, आचळांवर दिसते ती ही फुगलेली मादी. माणसाच्या अंगावर मात्र बहुतेक वेळा तिळाएवढीच सापडते, म्हणूनच ती सुटून जाते.

ती धरून कशी बसते

काढायची पद्धत समजायला हे आधी कळलं पाहिजे. गोचीड कातडीत ‘घुसत’ नाही. तिचं धड, पाय सगळं बाहेरच असतं. आत जाते ती फक्त सोंड. दोन बारीक पात्यांनी ती कातडी कापते आणि त्या चिरेत सोंड रोवते. सोंडेला मागच्या बाजूला वळलेले काटे असतात, मासे धरायच्या गळाला असतो तसे. आत जायला सोपे, बाहेर यायला अवघड. शिवाय बऱ्याच जाती सोंडेभोवती एक चिकट द्रव सोडतात आणि तो वाळून घट्ट होतो. लाळेत कातडी बधिर करणारे घटक असतात, त्यामुळे चावलेलं कळत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सोंडेला स्क्रूसारखे आटे नसतात, त्यामुळे ‘उलटी फिरवून काढा’ या सल्ल्याला आधार नाही. साध्या चिमट्याने पिळलं की सोंड तुटते. दुसरी जास्त महत्त्वाची. तिचं पोट म्हणजे मऊ रबरी पिशवी आहे आणि त्या पिशवीचं तोंड तुमच्या कातडीत आहे. पोट चिमटलं तर आतलं रक्त आणि लाळ तुमच्याच अंगात ढकलली जाण्याचा धोका असतो, आणि पोट फुटलं तर तेच बोटांवर येतं. काढताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका चुकीतून येतात: माणूस दिसतं ते धरतो, आणि दिसतं ते पोट. धरायचं असतं ते त्याच्या खाली, कातडीला टेकलेलं तोंड.

चिमटा कोणता

भुवया कोरायचा पार्लरमधला प्लकर चालत नाही. त्याची टोकं रुंद आणि तिरकी असतात, ती पोटावरच बसतात. हवा तो टोकदार चिमटा, ज्याची दोन्ही टोकं सुईसारखी निमुळती होऊन नेमकी जुळतात. मेडिकलच्या दुकानात ‘काटा काढायचा चिमटा’ म्हणून मागा. नाही मिळाला तर मोबाईल दुरुस्तीवाले बारीक पार्ट उचलायला वापरतात तो स्टीलचा चिमटा घ्या. त्यातला वाकड्या टोकाचा प्रकार तर या कामाला फारच सोयीचा, कारण हात कातडीला समांतर ठेवून टोक खाली नेता येतं. घेताना दुकानातच बघून घ्या: चिमटा मिटवून उजेडाकडे धरला तर टोकांमध्ये फट दिसता कामा नये. एकच केस धरून ओढून बघा. केस निसटला तर गोचीडही निसटणार.

गोचीड काढायचा प्लॅस्टिकचा आकडाही ऑनलाइन मिळतो. हातोडीच्या मागे खिळे उपटायची खाच असते, तशीच चीर त्याला असते. तो कातडीवरून सरकवून गोचिडीच्या खाली घालतात. पोटावर दाब येत नाही हा त्याचा गुण. त्या आकड्याच्या पाकिटावर फिरवायला सांगितलं असेल तर तो फिरवायचा, कारण तो त्याच पद्धतीसाठी बनवलेला असतो. मात्र अगदी बारीक पिल्लू मोठ्या चिरेतून निसटतं. कुत्री सांभाळणाऱ्यांकडे हा आकडा असतो. माणसाच्या अंगावरच्या तिळाएवढ्या गोचिडीला टोकदार चिमटाच बरा.

सोबत लागतं ते असं: हातमोजे (नसतील तर बोटांना स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी), साबण-पाणी, स्पिरिट किंवा पोव्हिडोन आयोडीन, कापूस, रुंद चिकटपट्टी आणि झाकणाची छोटी बाटली. चिमट्याची टोकं आधी स्पिरिटने पुसून घ्या.

काढायची कृती

आधी उजेड आणि बसायची जागा. पाठीवर, मानेवर, काखेत असेल तर स्वतः आरशात बघून काढायचा हट्ट नको, आरशात हात उलटा चालतो. दुसऱ्या माणसाला बसवा. लहान मूल असेल तर एकाने मांडीवर धरायचं, दुसऱ्याने काढायचं. मूल झटकलं की सोंड तुटते. केस असतील तर ते ओले करून दोन्हीकडे फाकवा, केस कातडीपर्यंत कापायची गरज नसते.

गोचिडीच्या बाजूची कातडी डाव्या हाताच्या दोन बोटांनी हलकी ताणा. ताणलेल्या कातडीवर चिमट्याचं टोक खाली जातं, सैल कातडीवर ते कातडीच धरतं.

आता चिमटा. टोकं उघडी ठेवून ती वरून नाही, बाजूने आणा, कातडीवर टेकवा आणि तशीच टेकवलेली ठेवून गोचिडीच्या तोंडाशी मिटवा. गोचीड चपटी असते. तिच्या दोन्ही कडांनी धरण्यापेक्षा पाठ आणि पोटाच्या बाजूने, म्हणजे एक टोक तिच्या वर आणि एक खाली, असं तोंडाशी धरलं तर पकड चांगली बसते. फुगलेली असेल तर तिला आधी चिमट्याच्या मिटलेल्या टोकाने अलगद एका बाजूला कलवा, मग तोंड दिसतं. चिमट्यात कातडीचा बारीक पदर आला तर फार बिघडत नाही. पोट आलं तर सोडा आणि पुन्हा धरा. घाई इथेच नडते.

पकड बसली की कातडीशी काटकोनात, सरळ वर ओढा. झटका नाही, पिळा नाही, डावीकडे-उजवीकडे हलवणं नाही. ताण एकसारखा ठेवायचा, म्हणजे कातडी छोट्या तंबूसारखी वर उचलली जाते. मग तसंच धरून थांबायचं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो, कारण दोन-तीन सेकंदांत काहीच होत नाही. वीस-तीस सेकंद, कधी मिनिटभर ताण तसाच ठेवला तर सोंडेचे काटे आणि तो वाळलेला चिकट लेप हळूहळू सुटतो. निघताना बारीक ‘टच’ जाणवतो आणि कातडी खाली बसते. सोंडेच्या टोकाला पांढरट कण चिकटून आला तर तो बहुधा त्या लेपाचा किंवा कातडीचा तुकडा असतो. गोचीड पूर्ण निघाल्याची ती चांगली खूण.

काढलेली गोचीड हातावर घेऊन बघत बसू नका. ती थेट बाटलीत, स्पिरिटमध्ये टाका. जागा साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हात धुवा, चिमटा स्पिरिटने पुसा. धनुर्वाताच्या इंजेक्शनला दहा वर्षं उलटून गेली असतील तर ते घ्यायचं निमित्त झालं असं समजा.

चिमटा हाताशी नसेल, आणि रानात तो नसतोच, तर दोन मार्ग. घर किंवा आरोग्य केंद्र तासा-दीड तासावर असेल तर तशीच राहू द्या, ओरबाडू नका. त्याहून उशीर होणार असेल तर शिवायचा मजबूत दोरा घ्या. त्याची एक सैल गाठ करून ती गोचिडीवरून खाली सरकवा, कातडीला टेकली की आवळा आणि दोन्ही टोकं एकत्र धरून सरळ वर ओढा. दोरा तोंडाभोवती बसला तर निघते, पोटाभोवती बसला तर पोट कापलं जातं, म्हणून आवळण्याआधी नीट बघा. अगदीच काही नसेल तर बोटांना पान किंवा कापड गुंडाळून, जितकं खाली धरता येईल तितकं खाली धरून काढा. ती वाईट पद्धत आहे, पण दिवसभर अंगावर ठेवण्यापेक्षा बरी.

रॉकेल, चुना, बिडी

गोचीड चिकटली की गावात हमखास सुचवलं जातं: रॉकेल लाव, तंबाखू-चुना लाव, बिडीचा चटका दे, नेलपॉलिश लाव, व्हॅसलीन थाप. यातला तंबाखू-चुना आणि मीठ हा पावसाळ्यातल्या जळवेचा उपाय, तो सवयीने गोचिडीला लावला जातो. जळू मऊ, ओल्या अंगाची, ती चुरचुरलं की सोडते. गोचिडीला कडक कवच आहे आणि उलट्या काट्यांची सोंड. मनात आणलं तरी ती पटकन सोडू शकत नाही.

व्हॅसलीन, तेल, नेलपॉलिश यांचा हिशेब असा की तिचा श्वास कोंडेल. पण गोचीड तासाला मोजके श्वास घेते. ती कोंडून मरेपर्यंत कित्येक तास जातात आणि तेवढा वेळ ती लाळ सोडतच राहते. वर तेलाने चिमटा घसरतो तो वेगळाच. चटका दिला, रॉकेल ओतलं तर ती आचके देते आणि पोटातलं उलटं आत टाकू शकते. शिवाय माणसाचीच कातडी भाजते. हळद लावायची हौस असेल तर गोचीड काढून जागा धुतल्यावर लावा.

रॉकेलला जागा आहे, पण ती बाटलीत. काढलेली गोचीड मारायला रॉकेल चालतं, स्पिरिट चालतं.

एक अपवाद, तोही आपल्याकडचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर लकवा आणणारी एक गोचीड असते आणि तिच्या चाव्याने काहींना जीवघेणी ॲलर्जी होते. तिथल्या ॲलर्जीतज्ज्ञांचा सल्ला आहे की मोठी गोचीड गोठवणाऱ्या स्प्रेने आधी जागच्या जागी मारावी, लहान असेल तर परमेथ्रिन या कीटकनाशकाचं क्रीम लावावं, चिमटू नये. सिडनीतल्या नातेवाइकाने हे सांगितलं तर ते तिथल्यासाठी बरोबर आहे. सावंतवाडीला ते लागू होत नाही.

सोंड आत राहिली तर

काळा ठिपका कातडीत दिसतो आणि घरचे सुई घेऊन बसतात. नको. सोंड तुटून आत राहिली म्हणजे गोचीड आत जिवंत आहे असं नाही, तिच्यापासून आता नवीन रोग आत येत नाही. वर आलेलं टोक चिमट्यात सहज येत असेल तर एकदा प्रयत्न करा. नाही आलं तर सोडून द्या. बारीक काटा जसा कातडी आपणच बाहेर टाकते, तसं काही दिवसांत तेही निघून जातं. कोरल्याने जखम मोठी होते आणि पू होतो. गोचीड निघाली त्यापेक्षा कोरण्यामुळेच डॉक्टरकडे जावं लागलं, असं बऱ्याचदा होतं.

जागेवर लाल, टणक गाठ येणं आणि ती एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त खाजत राहणं नेहमीचं आहे. लाली पसरत गेली, जागा गरम लागली, पू आला, काखेत किंवा जांघेत अवधाण आलं तर दाखवा.

काही जागा मात्र घरी काढायच्याच नाहीत. कानाच्या आत शिरलेली गोचीड पडद्याजवळ चिकटते, ठणका असह्य असतो. तिथे पिन घालू नका, अंधारात चिमटा चालवू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. पापणीच्या कडेला किंवा डोळ्यात असेल तर नेत्रतज्ज्ञ. गुप्तांगावर असेल तर लाजेपायी स्वतः ओरबाडण्यापेक्षा आरोग्य केंद्रात दाखवलेलं बरं. आणि चावल्यावर लगेच अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर गोचीड तशीच राहू द्या, आधी दवाखाना गाठा.

एक नाही, पन्नास असतील तर

मादी एका जागी हजारो अंडी घालते, त्यामुळे पिल्लं गवताच्या टोकावर गुच्छाने बसलेली असतात. माणूस तिथून गेला की पायावर एकदम मिरपूड सांडल्यासारखे ठिपके चढतात. चढली म्हणजे चिकटलीच असं नाही. जागा मिळेपर्यंत ती बराच वेळ फिरतात, आणि ती वेळ आपली.

रुंद चिकटपट्टी घ्या, खोकी बंद करायची तपकिरी चालते. ती कातडीवर थोपटत न्या आणि उचला. फिरणारी पिल्लं पट्टीला येतात. पट्टी दुमडून चिकटवली की ती आतच राहतात. मग अंघोळ, खरखरीत पंचाने घासून. त्यानंतरही जी हलत नाहीत ती चिकटलेली, ती चिमट्याने एक एक. कंटाळवाणं काम आहे, पण मधेच सोडू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा अंग तपासा, कारण पहिल्या दिवशी न दिसलेली पिल्लं आता फुगून दिसायला लागतात.

तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत: केसांची कड आणि टाळू, कानामागे, मान, काख, स्तनांखाली, बेंबी, कमरेचा पट्टा, जांघ, गुडघ्यामागची घडी, पायाच्या बोटांच्या बेचक्या. गोचिडीला घड्या आणि घट्ट कपड्यांच्या कडा आवडतात. मुलांच्या टाळूवर बोटांच्या टोकांनी चाचपा, डोळ्यांनी ती चुकते.

तारीख लिहा

बाटलीवर कागद चिकटवा: तारीख, कुठल्या रानात, अंगावर कुठे. जमलं तर चावलेल्या जागेचा फोटो. गोचीड काढल्याने काम निम्मं होतं. राहिलेलं निम्मं म्हणजे पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला ‘मला गोचीड चावली होती, अमुक तारखेला’ हे वाक्य सांगणं. ते न सांगितल्यामुळे गोचिडीने येणारे ताप मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्यांत अडकून पडतात.

सिंधुदुर्ग आणि गोव्यात पहिला संशय माकडतापाचा. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसं तापाने आजारी पडू लागली, तेव्हा या तापाचा विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) ओळखला. तो पसरवणारी मुख्य गोचीड हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, आणि माणसाला बहुधा चावते ती तिची तिळाएवढी मधली अवस्था. 2015 मध्ये गोव्यात सत्तरीत आणि 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात रुग्ण सापडले. हंगाम साधारण डिसेंबर ते मे. काजू गोळा करायला, भाजावळीसाठी (पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी) पातेरा म्हणजे वाळलेला पाला आणि कवळं म्हणजे पानांच्या फांद्या आणायला, सरपणाला माणसं नेमकी याच महिन्यांत रानात जातात.

चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकदम चढणारा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग आणि पाठ मोडून येणं, लाल डोळे, उलट्या-जुलाब. काहींना हिरड्यांतून, नाकातून रक्त. काहींचा ताप उतरतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो, तेव्हा बरळणं, मान ताठ होणं अशी मेंदूची लक्षणं दिसतात. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. या विषाणूवर ठरावीक औषध नाही, सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि आराम यांवरच भिस्त. म्हणून लवकर दाखल होणं महत्त्वाचं. तापाला पॅरासिटामॉलच घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनी किंवा अंगदुखीच्या इंजेक्शनाने रक्तस्राव वाढू शकतो. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही, त्यामुळे रुग्णाला गोठ्यात झोपवायचं कारण नाही. रानात मेलेलं माकड किंवा वानर दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. मेलेल्या जनावराच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपासच पसरतात.

कुत्र्यांवरच्या तपकिरी गोचिडीने रिकेट्सिया या जिवाणूचा ताप येतो. दोन ते चौदा दिवसांत ताप आणि नंतर लाल पुरळ, जे मनगट, घोटे, तळहात आणि तळव्यांवरही येतं. तळव्यावर पुरळ हा डॉक्टरला मुद्दाम दाखवायचा पुरावा. यावर डॉक्सीसायक्लिन हे स्वस्त औषध उत्तम लागू पडतं, पण उशीर झाला तर बोटं काळी पडण्यापर्यंत मजल जाते. विदर्भात 2018 साली गाजलेला स्क्रब टायफस याच घराण्याचा, पण तो गोचिडीने होत नाही, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिगर किड्याच्या पिल्लाने होतो. तिथे काढायला काही सापडतच नाही. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली काखेत, जांघेत शोधायची. औषध तेच.

गुरं सांभाळणाऱ्यांनी क्रिमियन काँगो ताप, हाही गोचिडीने पसरणारा विषाणूचा ताप, लक्षात ठेवावा. 2011 मध्ये गुजरातेत तो पहिल्यांदा सापडला आणि 2020 मध्ये पालघर प्रशासनाने सावधगिरीचा इशारा दिला होता. तो चाव्यानेही होतो आणि गुरांवरची गोचीड नखाने चिरडून तिचं रक्त हाताच्या चिरेत गेल्यानेही. म्हशीच्या कानातली गोचीड ओढून दगडावर टाचेने फोडायची पद्धत सोडलेली बरी. हातमोजे, आणि रॉकेलचा डबा.

अमेरिकेत न्यू जर्सी, कनेक्टिकट भागात राहणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा. तिथे लाइम हा जिवाणूचा आजार आहे आणि तो अंगात उतरायला गोचीड साधारण 24 तासांहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून रोज संध्याकाळी अंग तपासून काढलेली गोचीड बहुधा निरुपद्रवी ठरते. फुगलेली सापडली तर 72 तासांच्या आत डॉक्टरला विचारा, डॉक्सीसायक्लिनचा एकच डोस पुरतो. चाव्याभोवती पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर मात्र पूर्ण उपचार. ही 24 तासांची सवलत माकडतापाला लावू नका. दोडामार्गात दिसली की काढायची. तशीच, चावली म्हणून आपल्या मनाने डॉक्सीसायक्लिन घ्यायची अमेरिकी सवयही इथे नको. विषाणूवर ते चालत नाही.

रानात जाण्याआधी आणि आल्यावर

फिकट रंगाची पँट, पँटचे पाय मोज्यांत खोवलेले. फिकट रंगावर चढणारा ठिपका दिसतो. उघड्या कातडीवर 20 ते 30 टक्के डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम, किंवा डेपा तेल. डेपा हे संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओने शोधलेलं तसंच रसायन. माकडतापाच्या गावांत आरोग्य खातं देतं ते तेल घ्या आणि लावा, माळ्यावर ठेवू नका. घाम आला की ते उतरतं, म्हणून दुपारी पुन्हा लावायला बाटली बरोबर हवी. परमेथ्रिन 0.5 टक्के हे कपड्यांवर फवारायचं, कातडीवर नाही, आणि घरात मांजर असेल तर कपडे पूर्ण वाळेपर्यंत तिला लांब ठेवा, मांजराला ते विष आहे. बसायचं झालं तर पातेऱ्यावर नाही, खडकावर.

घरी आल्यावर कपडे पलंगावर किंवा खुंटीवर टाकायचे नाहीत. अंगणातच उतरवून बादलीत घाला आणि त्यावर उकळतं पाणी ओता. थंड पाण्याच्या धुण्यातून, मशीनच्या साध्या धुण्यातूनही, गोचीड जिवंत बाहेर येते. पाणी 55 अंशांच्या आसपास किंवा वर हवं. उकळत्या पाण्यात न चालणारा कपडा असेल तर तो बंद पिशवीत बांधून वेगळा ठेवा आणि भर दुपारच्या कडक उन्हात उलटा करून पूर्ण सुकवा. गोचिडीला कोरडी उष्णता सोसत नाही. शिवण आणि खिशाच्या कडा घडी घालण्याआधी एकदा बघून घ्या.